४ इस्पिक पाडायचं होतं, मग किलवर कधी आणि कुठलं पान?

तुमचा प्रश्न बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. ब्रिजमधली टीमची मॅच. दक्षिणेने १ नो ट्रंप (हुकमाविना; १५ ते १७ पॉइंट) बोलून सुरुवात केली, उत्तरेने २ किलवर बोलून चार पानी मेजरची (इस्पिक किंवा बदाम) विचारणा केली, दक्षिणेने २ इस्पिक सांगितलं आणि उत्तरेचा खेळाडू थेट ४ इस्पिकला गेला (काँट्रॅक्ट: इस्पिक हुकूम, १३ पैकी १० हात). तुम्ही पूर्वेला. भिडूची उतारी बदाम राणी. डमी (उत्तरेची उघडी मांडलेली पानं) खाली आली ती अशी:

इस्पिक: राजा, गुलाम, ८, ४
बदाम: ७, ५
चौकट: राजा, राणी, गुलाम, १०
किलवर: ९, ४, २

आणि तुमच्या हातात:

इस्पिक: ६, ३
बदाम: एक्का, ८, ६, ३
चौकट: एक्का, ७, २
किलवर: १०, ८, ७, ३

तुम्ही बदाम एक्क्याने हात घेतला आणि भिडूचाच रंग परत दिला. डिक्लेअररने (काँट्रॅक्ट खेळणाऱ्या दक्षिणेने) राजाने घेतलं, तीनदा हुकूम काढले आणि चौकट लावलं. एक्का घेऊन तुम्ही किलवर खेळलात, त्याने लगेच एक्का मारला, चौथ्या चौकटीवर हातातलं एक किलवर फेकलं आणि बरोब्बर दहा हात केले. भिडू म्हणाला, "डमी बघितल्यावर किलवर उघड होतं." तुम्ही विचारताय की ते खरंच उघड होतं का, आणि हातात नुसती दश्शी असताना नवा रंग उघडणं धोक्याचं नाही का.

उघड नव्हतं, पण काढता येण्यासारखं होतं. ते नजरेने दिसत नाही, मोजावं लागतं. आणि तुमच्या भिडूने निम्मंच सांगितलंय. किलवर खेळायचं एवढं कळून हे काँट्रॅक्ट पडत नाही, किलवरमधलं नेमकं पान कुठलं यावरही बरंच ठरतं. ते पुढे सांगतो.

आधी प्रश्न नीट लावून घेऊ. "कुठला रंग खेळू?" असं स्वतःला विचारलं की उत्तर सवयीतून येतं. आपल्यापैकी बरेच जण मेंढीकोट आणि लाडीस खेळत ब्रिजकडे आलेत, आणि भिडूने उतरलेला रंग परत द्यायचा ही सवय तिथूनच अंगात मुरलेली असते. एरवी ती चांगलीच सवय आहे, कारण भिडूने तो रंग काहीतरी हेतूने निवडलेला असतो. पण डिफेन्समध्ये (काँट्रॅक्ट पाडणाऱ्या बाजूने खेळताना) त्याआधी एक प्रश्न येतो: आपल्याला किती हात हवेत आणि ते येणार कुठून? समोर ४ इस्पिक आहे, म्हणजे त्याला दहा हवेत आणि आपल्याला चार. बदाम एक्का एक, चौकट एक्का दोन. उरलेले दोन कुठून?

आता पॉइंट मोजू (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). डमीत १०, तुमच्याकडे ८, झाले १८. दक्षिणेने स्वतःच १५ ते १७ सांगितलेत. चाळीसातून वजा केले की भिडूकडे ५ ते ७ उरतात. बदाम राणीच्या उतारीने त्याने राणी-गुलामची जोडी दाखवली, त्यातले ३ गेले. म्हणजे त्या जोडीबाहेर भिडूकडे फक्त २ ते ४ पॉइंट आहेत. हे सगळं पहिल्या हाताचं तिसरं पान टाकायच्या आधी कळतं आणि त्यासाठी लागते ती फक्त बेरीज-वजाबाकी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी जे खरंच सुधारतात, ते आधी एवढंच करायला लागतात. सिग्नल, कन्व्हेन्शन हे सगळं नंतर.

ते २ ते ४ पॉइंट कुठे असू शकतात, हे रंगवार बघू.

बदाम: राणीची उतारी असल्यामुळे राजा दक्षिणेकडे. डमीत दोनच बदाम आहेत. एक्का तुम्ही घेतला, दुसऱ्या फेरीला राजा, तिसरं बदाम डमी हुकमाने मारणार. म्हणजे या रंगात आपला एकच हात आहे आणि तो आपण घेऊन झालाय. बदाम परत देण्याने काही बिघडत नाही असं वाटतं, पण त्यातून मिळतही काही नाही.

चौकट: सगळी मोठी पानं डोळ्यांसमोर आहेत. एक्का सोडून काही नाही. भिडूकडे चौकटचं एकटंच पान असेल तर? तर एक्का आणि मग हुकमाने मारणं असा मार्ग निघतो, पण एकटं पान असतं तर त्याने बहुतेक तेच उतरलं असतं.

इस्पिक: भिडूकडे एक्का असेल तर त्याचे चारही पॉइंट तिथेच संपले. एकूण तीन हात, चौथा कुठूनच नाही. राणी असेल तर ती डमीच्या राजा-गुलामाच्या खाली सापडते. दक्षिणेने साधं फिनेस घेतलं (डमीतून राजा राखून गुलाम लावला) की गेली.

राहता राहिलं किलवर. उरलेले दोन्ही हात तिथूनच यायला हवेत. भिडूकडे किलवर एक्का असेल तर राजा, राणी, गुलाम दक्षिणेकडे, म्हणजे आपला एक हात. भिडूकडे राजा पण गुलाम नाही, तरी एकच. राणी-गुलाम असतील तर दक्षिणेकडे एक्का-राजा, पुन्हा एकच. दोन हात मिळतील अशी मांडणी एकच उरते: भिडूकडे राजा आणि गुलाम, दक्षिणेकडे एक्का, राणी आणि एक बारीक पान. पॉइंटही जुळतात. बदामचे ३ आणि किलवरचे ४ मिळून भिडूचे ७, आणि दक्षिणेकडे कमीत कमी जे असायला हवेत ते १५. अशी पानं असण्याची शक्यता फार मोठी आहे का? नाही. पण काँट्रॅक्ट पाडायचं असेल तर पानं अशीच असायला हवीत, म्हणून ती तशी आहेत असं धरून खेळायचं. डिक्लेअररने पुढे एखादा हुकूम चुकवला तर इतर वाटाही निघतील, पण आपल्या हातात असलेली वाट ही एकच आहे.

आता घाई कशाला? बदाम परत देऊन, पुढे चौकट एक्क्याने हातात आल्यावर किलवर खेळलं तर काय बिघडतं? तुम्ही तेच केलंत, म्हणून ते नेमकं का फसलं ते बघू. डमीत चौकटची चार पानं आहेत आणि दक्षिणेकडे तीन. तुमचा एक्का एकदा निघाला की बाकी तीन चौकटी त्याच्या आणि चौथीवर हातातलं एक किलवर जातं. किलवरमध्ये त्याची दोन पानं जायची आहेत, त्यातलं एक असं वाचलं की त्याचं काम झालं. म्हणजे तुमचा चौकट एक्का पडायच्या आत किलवर एकदा तरी खेळून झालेलं असायला हवं. दुसऱ्या हाताला एकदा, चौकट एक्क्याने परत आल्यावर पुन्हा एकदा. मध्ये एक हात जरी वाया घालवला तरी तुम्ही एका पावलाने मागे पडता. पहिल्या हाताला बदाम एक्का न घेता सोडून दिलात तरी हेच होतं. आणि याच कारणाने किलवरच्या आधी चौकट एक्का वाजवून घ्यायचाही नाही. तुमची परत यायची वाट तीच आहे.

आतापर्यंतचं एका ओळीत सांगायचं तर: हवेत चार, दिसतात दोन, उरलेले दोन फक्त किलवरमध्ये आणि तेही चौकट चालू व्हायच्या आत.

आता पानाचा प्रश्न. तुमच्याकडे १०, ८, ७, ३. बहुतेक जण इथे तिर्री किंवा सत्ती टाकतात, कारण दश्शी हातची घालवावी असं वाटत नाही. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला तर दश्शी पुढे करायला जास्तच जड जातं. पण या पानांवर तिर्री खेळलात तर सावध डिक्लेअरर तुम्हाला चकवेल. चारी हात समोर ठेवून बघा. दक्षिणेकडे किलवर एक्का, राणी, ५. भिडूकडे राजा, गुलाम, ६. तुम्ही तिर्री टाकली, दक्षिणेने पंजी टाकली. डमीत नव्वी आहे, म्हणून भिडूला गुलाम लावून हात घ्यावा लागतो. आता उतारी भिडूची, आणि त्याला एक्का-राणीच्या तोंडात किलवर खेळता येत नाही. तो बदाम खेळून निघतो. पुढे तुम्ही चौकट एक्क्याने आलात, किलवर खेळलात, दक्षिणेने एक्का घेतला आणि राणी चौथ्या चौकटीवर फेकून दिली. आपले हात झाले बदाम एक्का, किलवर गुलाम, चौकट एक्का. तीनच. रंग बरोबर, वेळ बरोबर, तरी काँट्रॅक्ट झालं.

दश्शी खेळलात तर? दक्षिणेने पंजी टाकली तर भिडू छक्की टाकतो, डमीची नव्वी दश्शीला पुरत नाही आणि हात तुमचाच राहतो. तुम्ही लगेच दुसरं किलवर खेळता आणि दक्षिणेची एक्का-राणी पुन्हा कात्रीत. राणी टाकली तर राजा घेतो, एक्का टाकला तर राणी मागे अडकून पडते आणि पुढे तुम्ही चौकट एक्क्याने आलात की जाते. पहिल्याच किलवरला राणी टाकली तर भिडू राजाने घेऊन किलवर छक्की परत देतो; डमीतून बारीक पान पडलं तर एक्का निघतो आणि गुलाम मोठा होऊन बसतो, पण डमीची नव्वी लावली तर ती हात घेते आणि काँट्रॅक्ट वाचतं. पहिल्याला एक्का टाकला तर नंतर तुम्ही राणी-पंजीमधून खेळता आणि राजा-गुलाम दोन्ही होतात. म्हणजे पहिल्याला राणी आणि मग डमीची नव्वी, हा एक रस्ता सोडला तर बाकी सगळे बंद.

हे पान अंदाजाने काढायचं नसतं, डमी बघून ते कळतं. डमीत नव्वी आहे, ती डमी तुमच्या उजव्या हाताला आहे आणि तुमच्याकडे त्या नव्वीच्या वरची दश्शी आणि खालची अठ्ठी दोन्ही आहेत. डमीच्या पानाला असं दोन्ही बाजूंनी वेढलेलं असलं की वरचं पान खेळायचं. याला सराउंडिंग प्ले म्हणतात. पुस्तकात तो बहुधा राजा, गुलाम, ९ विरुद्ध डमीतली दश्शी असा मोठ्या पानांवर दाखवलेला असतो, त्यामुळे १०-८ विरुद्ध नव्वी समोर आली की ओळखू येत नाही. तत्त्व एकच आहे: डमीतलं मधलं पान निरुपयोगी करायचं, म्हणजे भिडूला त्याच्यावर मोठं पान खर्चावं लागत नाही.

यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही पुढच्या वेळी प्रत्येक डमीवर नवा रंग उघडाल.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डमीतला चौकट रंग. तिथे राजा, राणी, गुलाम, दहाच्या ऐवजी राणी, ८, ५, ३ असं काही असतं तर डिक्लेअररला किलवर फेकायला जागाच नसती. मग त्याची जायची किलवरं कुठे पळून जात नाहीत, आज ना उद्या त्यालाच तो रंग हलवावा लागतो. अशा वेळी बदाम परत देणं हाच उत्तम डिफेन्स. मोठी पानं चौघांत विखुरलेला रंग जो आधी उघडतो, तो बहुधा एक हात गमावतो. त्यामुळे डमी सपाट असेल तर शांत बसा, डमीत पानं फेकायला लांब भरीव रंग असेल तर धावा. नव्या खेळाडूला डिफेन्समधली एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगतो.

दुसरं, तुमच्या उताऱ्यांचा करार. मी गृहीत धरलंय की राणीची उतारी राणी-गुलाममधून येते. तुम्ही दोघं रुसिनो पद्धतीने खेळत असाल तर राणी ही राजा-राणीतून येते, आणि मग तर बदाम परत द्यायलाच हवं, कारण दुसरा हात तिथेच उभा आहे. हे तुमच्या पद्धतींच्या कार्डवर नीट लिहिलेलं असू द्या. असाच नो ट्रंपचा पल्लाही महत्त्वाचा. १२ ते १४ चा नो ट्रंप असता तर भिडूकडे ८ ते १० पॉइंट निघाले असते आणि शक्यता कितीतरी वाढल्या असत्या.

तिसरं, स्पर्धेचा प्रकार. टीममध्ये तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात, त्यामुळे विचार सोपा आहे. दुसऱ्या टेबलावर हेच ४ इस्पिक झालं असेल आणि तुम्ही एका हाताने पाडलंत, तर ते व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त) असताना ६२० आणि १०० मिळून ७२० चा फरक पडतो, म्हणजे १२ आयएमपी (टीम मॅचमधले तुलनेचे गुण). नसताना ४७०, म्हणजे १० आयएमपी. एक ओव्हरट्रिक (काँट्रॅक्टपेक्षा जादा हात) गेली तर ३० गुण आणि १ आयएमपी. इतक्या मोठ्या फरकासाठी बारीक शक्यतेवरही खेळायचं. जोड्यांच्या मॅचपॉइंट स्पर्धेत (इथे इतर जोड्यांपेक्षा थोडे जादा गुणही मोजले जातात) तो एक जादा हातही महाग पडतो, तिथे "पाडायला काय हवं" याच्या जोडीला "नाही पडलं तर माझं किती जाईल" हेही मोजावं लागतं. या पानांवर मात्र मी तिथेही दश्शीच खेळलो असतो. किलवरच्या बाकीच्या मांडण्या एकेक करून बघा, दश्शी खेळून जवळपास काहीच जात नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की डिक्लेअररने डमीतून भराभर पान टाकलं आणि तुम्हीही त्या वेगात एक्का टाकलात. पहिल्या हाताला तिसऱ्याने थांबायचं असतं. डमी नुकतीच आलेली असते, प्रत्येकाला आपला बेत करायचा असतो आणि त्यात गैर काहीच नाही. एक्का टाकायचा हे ठरलेलं असलं तरी थांबा, वर केलेली सगळी मोजणी तेव्हाच करून घ्या. २०१७ च्या डुप्लिकेट नियमांतला ७३ वा नियम सांगतो की मुद्दाम घाई करून किंवा मुद्दाम अडखळून समोरच्याला फसवायचं नाही. विचारासाठी घेतलेला वेळ त्यात मोडत नाही. मी विद्यार्थ्यांना पहिल्या हाताला दर वेळी सारखाच वेळ घ्यायला लावतो, पानं सोपी असोत की अवघड. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे तुमच्या थांबण्यावरून कुणाला काही कळत नाही.

सरावासाठी मोठा ग्रंथ नको. ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर खेळून झालेले डाव चारी हात उघडे करून बघता येतात. त्यातले जे तुम्ही डिफेन्स केलेत तेवढेच घ्या. आधी फक्त स्वतःची पानं आणि डमी बघून कागदावर भिडूचे पॉइंट लिहा, मग उरलेले हात उघडा. काही दिवसांत ही वजाबाकी टेबलावर आपोआप व्हायला लागते.

शेवटी तुमच्या भिडूबद्दल. किलवर उघड होतं असं तो म्हणाला, तर त्याला त्याच्याच जागेवरचा प्रश्न घाला. त्याच्याकडे इस्पिक १०, ५, २, बदाम राणी, गुलाम, १०, ४, चौकट ८, ५, ३, किलवर राजा, गुलाम, ६. तुम्ही बदाम एक्का घेऊन किलवर दश्शी खेळलात, दक्षिणेने राणी टाकली, त्याने राजा घेतला. आता तो काय खेळणार? आपल्या उतारीचं बदाम पुढे नेलं तर डिक्लेअररला हवा तो हात फुकट मिळतो आणि पुढे पंजी चौथ्या चौकटीवर जाते. किलवर गुलाम खेळला तर एक्का पडतो, पण तिसऱ्या फेरीला डमीची नव्वी तुमच्या अठ्ठीवर बसते आणि हात गेला. आशा ठेवणारं पान एकच आहे, किलवर छक्की: डिक्लेअररने डमीतून नव्वी लावली तर तो वाचतो, बारीक पान टाकलं तर पडतो. गुलाम मागे ठेवायचा, एक्का काढून घ्यायचा आणि तुमच्या चौकट एक्क्याची वाट बघायची. हे त्याने न थांबता सांगितलं, तर पुढच्या वेळी तुम्ही दश्शी निर्धास्तपणे टाका.